गोवावेस परिसरातील बॅटरीचे दुकान : साधी गाडी, हायब्रिड गाडी आणि प्रत्यक्ष येणारा खर्च

बेळगावात गाडीची बॅटरी बदलायची झाली की बहुतेक जण चार दुकानांत फोन करून ‘कितीला पडेल?’ एवढेच विचारतात आणि जो सर्वांत कमी आकडा सांगेल त्याच्याकडे जातात. गोवावेस परिसरातील ज्या दुकानातून मी बॅटरी घेतली, तिथे मात्र ‘आधी गाडी दाखवा, मग दर सांगतो’ असे उत्तर मिळते. या आग्रहासाठीच मी त्या दुकानाची शिफारस करतो.

माझ्या पेट्रोल हॅचबॅकचा सेल्फ सकाळी जड जात होता. दुकानातील कामगाराने टेस्टर लावला तेव्हा गाडी बंद असताना 12.1 व्होल्ट दिसले (पूर्ण भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते) आणि सेल्फ मारताना काटा 9 च्याही खाली गेला. त्यानंतर त्याने दुसरी चालू बॅटरी जोडून इंजिन सुरू केले आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डायनामो) 14.2 व्होल्ट देत असल्याची खात्री करून घेतली. हा दुसरा टप्पा अनेक ठिकाणी गाळला जातो. डायनामोच चार्जिंग करत नसेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत बसते आणि ग्राहकाचे पैसे वाया जातात.

35 अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीचे मला जुनी बॅटरी देऊन 4,700 रुपये पडले. जुनी परत दिली नसती तर 900 रुपये जास्त द्यावे लागले असते. दोन्ही आकडे दुकानदाराने न विचारता सांगितले. जुन्या बॅटरीतील शिसे पुन्हा वापरात येते, म्हणून तिला किंमत असते. फोनवर सांगितलेला स्वस्त दर अनेकदा ती वजा करूनच सांगितलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून या बॅटऱ्यांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीच्या दराशी तुलना करताना हा फरक धरावा. निपाणी, चिक्कोडीकडील काही जण कोल्हापुरात स्वस्त मिळेल म्हणून तिकडे जातात. परंतु पेट्रोल-डिझेलसारखा बॅटरीवरचा कर राज्यागणिक बदलत नाही, त्यामुळे फरक पडलाच तर तो दुकानदाराच्या सवलतीपुरताच असतो.

वॉरंटी कार्ड भरताना त्यांनी मोफत बदलून मिळण्याचा काळ आणि त्यापुढील केवळ प्रमाणात सवलत मिळण्याचा काळ वेगवेगळा दाखवला. खोक्यावर ठळक छापलेले महिने ही या दोन्हींची बेरीज असते.

हायब्रिडच्या बाबतीत या दुकानाचा सर्वाधिक उपयोग झाला तो खानापूरच्या माझ्या मेहुण्यांना. त्यांची स्ट्राँग हायब्रिड गाडी (इंजिनाबरोबरच विजेच्या मोटरवरही चालणारी) एका सकाळी ‘रेडी’च होईना, म्हणजे निघायला तयार असल्याची खूण डॅशबोर्डवर येईना. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गाडीला हात न लावताच ‘हायब्रिडची बॅटरी गेली, लाखाच्या घरात खर्च येईल’ असे सांगितले गेले आणि घरातले सगळे हवालदिल झाले. वस्तुतः अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात : चाके फिरवणाऱ्या मोटरची मोठी, आणि संगणक व रिले (विजेचे स्विच) जागे करणारी साधी 12 व्होल्टची. लहान बॅटरी उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही. या दुकानदाराने लहान बॅटरी मोजली, ती 11 व्होल्टच्याही खाली होती. बाहेरून 12 व्होल्ट जोडताच गाडी ‘रेडी’ झाली. ती बॅटरी स्वतः न विकता त्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बसवून घ्यायला सांगितले, आणि तिथले बिल सात हजारांच्या आत आले. मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलना आम्ही हात लावत नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारांत मोठ्या बॅटरीवर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. म्हणून असल्या गाडीच्या मालकाने लाखाचा आकडा ऐकून घाबरण्यापूर्वी वॉरंटीचे पुस्तक उघडावे आणि 12 व्होल्टची बॅटरी तपासून घ्यावी.

मारुती एर्टिगासारख्या स्मार्ट हायब्रिडचे (जिच्यात मोटर इंजिनाला केवळ मदत करते) गणित वेगळे आहे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होत असल्याने तिच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर ताण जास्त पडतो, आणि तिथे स्टार्ट-स्टॉपसाठी बनवलेली, अर्थात अधिक महाग, बॅटरीच लागते. माझ्यासमोर एका ग्राहकाने साधी बसवा म्हणून बराच वेळ घासाघीस केली. दुकानदाराने गिऱ्हाईक सोडले, पण साधी बसवली नाही.

उणिवा दोन आहेत. शहराबाहेर ते येत नाहीत, त्यामुळे गाडी खानापूर किंवा हिरेबागेवाडीकडे बंद पडली तर जंप केबलने (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून) चालू करून ती इथवर आणावी लागते. शिवाय संध्याकाळी दुकानासमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. सकाळी दुकान उघडताच गेल्यास तपासणीही निवांत होते.