लोणारच्या वाटा: कोणी कुठली धरावी

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार म्हणजे उल्केच्या धडकेने झालेल्या विवरातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर. तिथं येणाऱ्या बहुतेक गाड्या विवराच्या काठावर थांबतात, चार फोटो निघतात आणि अर्ध्या तासात परत फिरतात. समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरायची सोय झाल्यापासून तर नागपूर-मुंबईची मंडळी शेगाव किंवा सिंदखेडराजाला जाता जाता "तेही बघून घेऊ" म्हणून इकडे वळतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. लोणार चालून बघायचं ठिकाण आहे. काठावरून दिसतं ते हिरव्या कढईतलं पाणी; बाकी सगळं वाटांवर आहे.

मी मेहकर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी पाहुणा आला की त्याला लोणार दाखवायचं हा आमच्या घरचा रिवाज आहे, आणि शाळेची सहल तर ठरलेलीच. सासूबाईंपासून सातवीच्या पोरांपर्यंत सगळ्यांना घेऊन इथल्या वाटा चालले आहे. म्हणून हे परीक्षण सरोवराचं नाही, वाटांचं आहे. कोणाला कुठली वाट झेपेल आणि कुठल्या वाटेवर काय पदरात पडेल, एवढंच सांगायचं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गडावर जाताना आपण ताज्या दमाने सकाळच्या गारव्यात चढतो आणि थकल्यावर उतरतो. लोणारचा हिशेब उलटा आहे. इथं आधी उतरण आणि शेवटी चढण. काठापासून पाणी सुमारे 137 मीटर खाली आहे. उतरताना सगळेच जोरात असतात, गप्पा चालतात, पोरं पळतात. परतीची चढण मात्र ऊन डोक्यावर आल्यावर, पाण्याची बाटली अर्धी झाल्यावर लागते. त्यात खाली वारा फिरत नाही. चहूबाजूंनी कडा असल्यामुळे उन्हाळ्यात तिथं जीव नुसता घुसमटतो. तेव्हा "उतरता येईल का?" हा प्रश्नच नाही. आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या गुडघ्याच्या माणसाला अकरा वाजता वर चढून येता येईल का, हे बघा आणि त्यावरून वाट निवडा.

सगळ्यात सोपी वाट गावातली. दैत्यसूदनाचं देऊळ लोणार गावातच आहे, गाडी जवळ जाते, चालणं नावापुरतं. म्हातारी माणसं, लहान लेकरं, नुकतंच ऑपरेशन झालेलं कोणी असेल तर त्यांना इथं निवांत तास-दीड तास द्या. लवणासुराचा वध विष्णूने केला, त्यावरून देवाचं हे नाव आणि त्या असुरावरून गावाचं, अशी कथा लोक सांगतात. चालुक्यांच्या काळातलं हे काम बाहेरून फिरून बघण्यासारखं आहेच, पण आत गेल्यावर मान वर करायला विसरू नका. छतावर कथा कोरल्या आहेत, हिरण्यकशिपूचा वध, कंसाचा वध. आत अंधार असतो, मोबाइलच्या उजेडात काही दिसत नाही, घरून चांगली बॅटरी न्या. उजेड सरळ वर न मारता तिरपा मारा, म्हणजे सावल्या पडतात आणि एकेक हात, एकेक शस्त्र उठून दिसतं. आमच्या सासूबाईंना ते दिसलं तेव्हा त्यांनी तिथंच बसकण मारली. "आता मले कुठी नेऊ नका, एवढं पाहू द्या," म्हणाल्या. गावात लिंबी बारवही आहे. वरून डोकावून पाहिली तरी चालते. पायऱ्या उतरायच्या तर काठी घ्या.

दुसरी वाट धारेची. काठावर गोमुखातून बारमाही धार पडते, तिथपर्यंत पायऱ्या आहेत आणि लोक आंघोळीला, दर्शनाला येतात. जवळच सीता न्हाणी आहे. ज्यांना पूर्ण उतरायचं नाही, पण काठावरूनही परत जायचं नाही, त्यांच्यासाठी ही मधली जागा सोन्यासारखी आहे. इथून सरोवर झाडांमधून दिसतं, पाण्याचा आवाज कानावर असतो आणि बसायला सावली मिळते. नवरात्रात आणि सणावारी गर्दी असते, तेव्हा शांतपणा मिळणार नाही. पायऱ्या ओल्या असतात. चप्पल घालून आलेल्या बायका इथं घसरतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पट्ट्याचे सँडल किंवा बूट हवेत, साडी असली तरी.

आता खालची वाट. माझ्या मते लोणारला आल्याचं सार्थक हीच करते. धारेपासून खाली उतरलं की पहिल्यांदा दगडी पायऱ्या, मग पायवाट आणि बघता बघता रान दाट होतं. साग, सीताफळ, बाभूळ. वानरं वरून बघत असतात. मोराचा आवाज जवळून येतो पण मोर दिसेलच असं नाही. वाटेत रामगयेचं देऊळ आहे, जुनं, कोरीव, आजूबाजूला पडलेले दगड. तिथं दहा मिनिटं थांबाच. पुढे पाणी दिसायला लागायच्या आधी वास येतो. शेवाळ कुजल्याचा, गंधकासारखा उग्र. नवीन माणूस नाक दाबतो. थोड्या वेळाने सवय होते, आणि तो वासच तुम्हाला सांगतो की हे साधं तळं नव्हे.

पाण्यापाशी पोचल्यावर करायची एक गोष्ट सांगते. घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद न्या. तळहात सरोवराच्या पाण्यात बुडवा आणि ओल्या हातावर हळद टाका. पिवळी हळद बघता बघता लालभडक होते. माझ्या वर्गातली पोरं ओरडलीच होती, "बाई, कुंकू झालं!" पाणी अल्कधर्मी आहे, सामू (pH) वर्षानुवर्षं 10 च्या आसपास मोजला गेला आहे, आणि हळद अल्कात लाल होते. रंग बदलून आम्ल-अल्क ओळखवणाऱ्या दर्शकाचा पुस्तकातला धडा मी फळ्यावर खूपदा शिकवला. तिथं हातावर दिसल्यानंतर कोणालाच पुन्हा सांगावा लागला नाही. नंतर हात गोड्या पाण्याने धुवा, डोळ्याला लावू नका. दुसरी गंमत लोहचुंबकाची. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून काठच्या मातीवरून ओढला की काळे कण दाढीसारखे चिकटतात. बघून झाले की तिथंच झटकून टाका. अभयारण्य आहे, खडा न् खडा तिथलाच.

पाणी खारं का, हे पोरांना तिथंच उभं करून समजावता येतं. झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. वाफ होऊन पाणी जातं, खार मागे राहतो. हे हजारो वर्षं चाललं आहे. पूर्वी हा खार काढून विकला जायचा, जुन्या लोकांना दल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याच्या प्रकारांची नावं ठाऊक असतात. 2020 च्या जूनमध्ये सगळं पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा आमच्या भागात नाना अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासणी केली आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला असं निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

पुढची वाट खाली पाण्याच्या कडेकडेने कमळजा देवीच्या देवळाकडे जाते. देवळाजवळची सासू-सुनेची विहीर प्रसिद्ध आहे, एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खारं. पण इथं इशारा देते. सरोवराची पातळी वाढली की देवळाकडची वाट आणि विहीर दोन्ही पाण्याखाली जातात. पाऊस जास्त झालेल्या वर्षी वरच्या चौकीवर विचारल्याशिवाय कमळजेचा बेत करू नका. आणि पाण्यातून, चिखलातून वाट काढायचा हट्ट तर मुळीच नको. वरून कोरडा दिसणारा चिखल खाली लोण्यासारखा मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

खालच्या वाटेचे दोष सांगायलाच हवेत. फाटे फुटतात तिथं म्हणाव्या तशा पाट्या नाहीत, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने गावातला माहीतगार सोबत घ्यावा. चांगला माहीतगार तुम्हाला घाई करत नाही, प्रश्न विचारू देतो आणि रानात ओरडत नाही. ठरवतानाच त्याच्याशी पाच मिनिटं बोलून बघा. खाली प्यायचं पाणी नाही, बायकांची सोय नाही. जे काही आटोपायचं ते वर. माणशी दोन लिटर पाणी ही माझी अट असते, आणि त्यातलं अर्धं परतीच्या चढणीसाठी राखायचं. शिदोरी खाली उघडू नका. भाकर-बेसन, ठेचा, कांदा, सगळं वर आल्यावर. खाली वानरं हातातून ओढून नेतात आणि लोक प्लॅस्टिक टाकून जातात, ते बघून जीव तुटतो. जुन्या देवळांना आणि उंच झाडांना आग्यामोहळं असतात, तेव्हा अत्तर, धूर, आरडाओरडा नको.

सर्वात अवघड मी कोणती म्हणेन? लोकांना वाटतं खाली उतरायची. मला विचाराल तर पूर्ण काठाची फेरी. चढ-उतार कमी, पण लांबी आणि ऊन. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. सातवीच्या पोरांनी तिथंच वहीवर परीघ काढला, साडेपाच किलोमीटरच्या वर आला. प्रत्यक्षात वाट वळत, ओघळ टाळत जाते म्हणून चालणं त्याहून जास्तच होतं. सावली तुकड्यातुकड्याने. पण ज्यांच्या पायात बळ आहे त्यांना ही वाट जे दाखवते ते कुठूनच दिसत नाही. काठावर काही जागी काळ्या दगडाचे थर उघडे पडले आहेत. आपल्याकडे विहीर खणताना हे थर आडवे दिसतात, इथं ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. उल्केच्या धडकेने जमिनीचे थर असे उचलले गेले. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर कितीतरी वर्षं हा ज्वालामुखी की उल्का हा वाद चालला. वयाचंही तसंच. आधी 50 हजार वर्षं धरलं जायचं, नंतर दगडातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांवर गेलं. त्या कललेल्या थरावर हात ठेवून मी पोरांना हे सांगितलं तेव्हा एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, मंग आपल्या वावरातला दगड बी तवाचाच का?" वावरातला दगड त्याहून फार जुना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिला ते सांगताना मलाही नव्याने नवल वाटलं.

काठाची फेरी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच करा, उजाडताच निघा, नऊ-साडेनऊला संपवा. एप्रिल-मेमध्ये ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात रान फार सुंदर दिसतं, पण शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकतो आणि कड्याच्या बाजूला आधार नसतो. लहान लेकरं घेऊन तर नकोच.

वेळ उरला तर अंबर तळं आणि तिथला मोठा मारुती. गाडीने जाता येतं. मारुती निजलेला आहे, मूर्ती भली मोठी, आणि तिचा दगड चुंबकीय असल्याचं लोक सांगतात. मी तिथं चुंबक लावून पाहिला नाही, देवाच्या अंगाला ते बरं नव्हे. शनिवारी गर्दी असते.

माझ्या घरी कोणी एकाच दिवसासाठी आलं तर बेत असा ठेवते. पहाटे निघून उजाडता धारेवर, तिथून खाली रामगया आणि पाणी, दहाच्या आत परत चढण. ज्यांना उतरायचं नाही ते धारेपाशी बसतात, एक जण त्यांच्यासोबत थांबतो. मग वर सावलीत भाकर, थोडी पाठ टेकवणं आणि ऊन कलल्यावर गावात दैत्यसूदन. नागपूरचा भाचा आला होता, त्याला आधी काठाचीच फेरी हवी होती. "मामी, तुम्ही म्हणता तसं खाली जाऊ," म्हणून आला खरा, पण मन काठावरच होतं. हळद लाल झाल्यावर त्याने स्वतःहून मुक्काम वाढवला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता काठाची फेरी केली. दोन्ही जमत असेल तर दोन दिवसांत विभागून करा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका. मुक्कामाची सोय काठाजवळ आणि गावातही होते. सुट्ट्यांमध्ये आधी ठरवून या. एसटीने येणाऱ्यांनी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून घ्यावी आणि त्यावरूनच वाट ठरवावी.