दांडिया बाजारातील काकूंची खानावळ : तीन वर्षांच्या जेवणाचा अनुभव

जून 2022 मध्ये मी नंदुरबारहून महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र शिकण्यासाठी बडोद्याला आले, तेव्हा राहण्याची सोय दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्यात झाली होती, परंतु जेवणाची कोठेच झाली नव्हती. पहिले दहा दिवस सेव उसळ, पाव आणि केळी यांवर काढल्यावर घरमालकीणबाईंनी मला पलीकडच्या गल्लीतील एका वाड्याचा जिना दाखवला आणि 'वर जा, काकूंना सांग मी पाठवलं' एवढेच सांगितले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्याच खानावळीत दोन्ही वेळा जेवते आहे. येत्या जूनमध्ये खानदेशातून, विदर्भातून किंवा इंदूर-देवासकडून जी मुले-मुली बडोद्यात शिकायला येतील, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

खानावळीला पाटी नाही. लाकडी जिना चढून गेल्यावर दोन खोल्या लागतात. बाहेरच्या खोलीत चार बाकडी आणि चार टेबले आहेत, आणि एका वेळी सोळा जण बसू शकतात. आतल्या खोलीत काकू, त्यांच्या जाऊबाई आणि पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशी काम करतात. सगळे सभासद त्यांना काकूच म्हणतात आणि त्या सगळ्यांना, चाळिशीतील प्राध्यापकांनासुद्धा, 'बाळा' म्हणतात. दुपारी साडेअकरा ते दीड आणि रात्री साडेसात ते साडेनऊ अशी वेळ आहे. रविवारी दुपारी गोडाचे जेवण असते आणि रात्री खानावळ बंद राहते.

जेवण घरचे आहे, हे मी जबाबदारीने लिहिते. ताटात दोन भाज्या, आमटी किंवा वरण, भात, कोशिंबीर आणि लागतील तेवढ्या पोळ्या असतात. सोमवारी मटकीची उसळ आणि शनिवारी खिचडी-कढी ठरलेली असते, आणि गुरुवारी दालढोकळी असते, जी आमच्या वरणफळांची गुजरातेत वाढलेली बहीण आहे. काकूंचे घराणे पाच पिढ्यांपासून बडोद्यात आहे, त्यामुळे त्यांच्या स्वयंपाकात मराठी आणि गुजराती चव इतकी मिसळलेली आहे की कोठे एक संपते आणि दुसरी सुरू होते हे सांगता येत नाही. आमटीला चिंच-गूळ आणि गोडा मसाला असतो, तर कढीत साखर चांगली जाणवते. 14 जानेवारीला उत्तरायणाच्या दिवशी सगळे शहर गच्चीवर असते. त्या दिवशी काकू एका हाताने तिळगूळ देतात आणि दुसऱ्या हाताने उंधियू आणि जिलेबी वाढतात.

माझ्यासारख्या खानदेशी माणसाला सुरुवातीला हा गोडवा जड गेला. पहिल्या महिन्यात मी अर्धी आमटी ताटात टाकत असे. काकूंनी ते पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि दिवाळीला मी गावी निघाले तेव्हा म्हणाल्या, 'येताना तुझ्या आईच्या हातचा काळा मसाला आण.' आईने दिलेली बरणी तेव्हापासून काकूंच्या फळीवर आहे, आणि महिन्यातून एकदा, बुधवारी रात्री, त्या मला आत बोलावून शेवभाजी करायला लावतात. ज्या स्वयंपाकघरात रोज साठ-सत्तर ताटांचा हिशेब असतो, तेथे एका मुलीच्या जिभेसाठी वेगळी कढई चढते, ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

दोन्ही वेळच्या जेवणाचे महिन्याला 3,000 रुपये पडतात आणि पाहुण्याचे ताट 70 रुपयांना मिळते. खाड्यांची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण नवीन मुलांचा गोंधळ तेथेच होतो. गावी जायचे असेल तर आदल्या रात्री सांगावे लागते, आणि सलग तीन दिवस किंवा त्याहून जास्त खाडा असेल तरच पैसे कापले जातात. हे सगळे एका लांबट, लाल कापडी पाठीच्या वहीत लिहिलेले असते. डाव्या बाजूला सभासदांची नावे, वर तारखा, जेवलेल्या वेळेला बरोबरची खूण आणि खाड्याला फुली, असा तो हिशेब असतो, आणि महिना संपल्यावर काकू वही आपल्यापुढे ठेवून 'तूच मोज' म्हणतात. तीन वर्षांत माझा हिशेब एकदाही चुकलेला नाही.

दुसऱ्या वर्षी माझ्या शिष्यवृत्तीचे पैसे चार महिने उशिरा आले. अर्ज वेळेवर दिला होता, कागद पूर्ण होते, तरी दर आठवड्याला खिडकीवरून 'पुढच्या आठवड्यात या' हेच उत्तर मिळत होते. त्या चार महिन्यांत माझ्या नावापुढे वहीत पैशांच्या रकान्यात काकूंनी पेन्सिलीने 'नंतर' असे लिहिले होते, पेनने नाही, म्हणजे पैसे आल्यावर ते पुसता यावे. त्यांनी कधी विचारले नाही, दुसऱ्या कोणाला कळू दिले नाही, आणि माझ्या ताटातील पोळी कधी लहान झाली नाही. मार्चमध्ये पैसे जमा झाले त्या दिवशी मी त्यांच्यापुढे ते चारही महिने फेडले, तेव्हा त्यांनी खोडरबर माझ्याच हातात दिले.

या खानावळीचा दुसरा मोठा गुण म्हणजे तेथील संगत. आमचे विद्यापीठ एका आवारात नाही, शहरभर पसरलेले आहे. कला शाखा सयाजीगंजात, 1881 च्या जुन्या बडोदा कॉलेजच्या घुमटाखाली आहे. अभियांत्रिकीची मुले राजमहाल रस्त्यावरच्या कलाभवनात जातात. संगीत आणि नृत्य शिकणारी मुले सूरसागर तलावाजवळ असतात, आणि ललित कला शाखा आणखी निराळ्या ठिकाणी आहे. वर्गात मला फक्त समाजशास्त्राची मुले भेटतात. काकूंच्या बाकड्यावर मात्र जागा मिळेल तेथे बसावे लागते, म्हणून पहिल्याच आठवड्यात माझ्या एका बाजूला तबला शिकणारा मुलगा होता आणि दुसऱ्या बाजूला चित्रकला शिकणारी मुलगी होती.

तबल्याचा मुलगा इंदूरचा. पोळी येईपर्यंत तो स्टीलच्या वाटीवर दोन बोटांनी झपताल वाजवत असे, आणि त्याने मला दहा मात्रा मोजायला तेथेच शिकवल्या : धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पाचव्या मात्रेनंतर 'खाली', म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची जागा, येते तेव्हा बोट उचलायचे, हे समजायला मला तीन दिवस लागले, आणि ज्या दिवशी जमले त्या दिवशी आतून लाटण्याचा आवाज थांबला आणि मावशींनी दारातून 'आता बरोबर' असे सांगितले. त्याच्याकडूनच मला कळले की तो ज्या शाळेचा वारसा सांगतो ती गायनशाळा गायक मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये बडोद्यात सुरू केली, आणि सूफी संगीतकार हजरत इनायत खान हे त्याच मौलाबक्षांचे नातू, ज्यांचा जन्म याच शहरात 1882 मध्ये झाला. पुस्तकात हे मी वाचले असते तर विसरले असते. वाटीवरच्या झपतालाबरोबर ऐकल्यामुळे ते डोक्यात राहिले.

चित्रकलेच्या मैत्रिणीने मला पाहायला शिकवले. मी रोज विद्यापीठाजवळच्या काळा घोडा चौकाकडून विश्वामित्री नदीचा पूल ओलांडून सायकलने येत असे आणि वाटेतल्या कीर्तिमंदिराकडे मी कधी वळूनही पाहिले नव्हते. एका रविवारी, गोडाचे जेवण झाल्यावर, ती आम्हा पाच जणांना घेऊन तेथे गेली. 1936 मध्ये बांधलेल्या त्या गायकवाडांच्या स्मारकात चित्रकार नंदलाल बोस यांनी रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. गंगावतरणाच्या भिंतीपुढे तिने आम्हाला दहा मिनिटे गप्प उभे केले आणि मग फक्त एवढेच विचारले, 'पाणी कुठे जड आहे आणि कुठे हलके?' आम्ही सगळे पुन्हा पाहू लागलो. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे 1950 मध्ये बडोद्याला येऊन चित्रकला शिकवू लागले, त्या परंपरेत आपण बसतो याचा तिला फार अभिमान आहे, आणि तबल्याच्या मुलालाही, कारण बेंद्रे त्याच्या गावचे.

कलाभवनातल्या मुलाबद्दल एवढेच सांगते की काकूंचा मिक्सर आणि धूर ओढणारा पंखा तोच दुरुस्त करतो. 1890 मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत दादासाहेब फाळके शिकले होते, हे तो नवीन सभासदाला पहिल्याच दिवशी सांगतो.

आता ऑगस्ट 2024 विषयी. 26 तारखेला जन्माष्टमी होती, काकूंनी उपवासाची साबुदाण्याची खिचडी केली होती आणि पाऊस थांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी विश्वामित्रीचे पाणी 35 फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी 25 फूट आहे. नदीवरचे पूल बंद झाले, पलीकडे राहणारे सभासद पलीकडेच अडकले, आणि मगरी रस्त्यांवर आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या गल्लीत घरांत पाणी शिरले नव्हते, पण वीज गेली होती आणि भाजीबाजार बंद होता. काकूंकडे दोन सिलिंडर, तांदळाचे पोते, तूरडाळ आणि बटाटे होते. त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली आणि ज्यांना ज्यांना जिना चढून येता आले त्या सगळ्यांना जेवू घातले. त्यांत सभासद किती आणि शेजारचे किती, हे कोणी मोजले नाही.

पाणी ओसरून पूल सुरू झाला त्या सकाळी आम्ही नऊ जणांनी खिचडीची पाकिटे बांधली. खिचडी गरम असताना पिशवी बांधली तर ती आंबते, म्हणून मावशींनी आधी ती परातीत पसरून निववायला लावली; ही साधी गोष्ट आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हती. वर्तमानपत्राच्या घडीत एकेक पाकीट गुंडाळून आम्ही सायकलींवरून पलीकडे नेली. काळा घोड्याच्या पुढे रस्त्यावर घोट्याएवढा चिखल होता आणि लोक भिजलेल्या गाद्या बाहेर काढत होते. माझ्या वर्गातील एक मुलगी तळमजल्याच्या खोलीत राहत होती. तिची पुस्तके, वह्या, सगळे गेले होते. ती पायरीवर बसूनच खिचडी जेवली आणि मग आम्ही मिळून तिची खोली धुतली. दोन वर्षे समाजशास्त्र शिकत असताना 'समुदाय' या शब्दाच्या व्याख्या मी पाठ केल्या होत्या, पण त्या सकाळी तो शब्द मनात आलासुद्धा नाही, इतके काम हाताशी होते.

महिनाअखेरीस वही समोर आली तेव्हा पुराच्या दिवसांवर काकूंनी सर्व नावांवरून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली होती आणि बाजूला 'पूर' असे लिहिले होते. त्या दिवसांचे पैसे कोणाकडूनच घेतले नाहीत, जे रोज जेवले त्यांच्याकडूनही नाहीत. आम्ही काही जणांनी आग्रहाने पैसे पुढे केले, तेव्हा त्यांनी ते घेतले आणि त्याच दुपारी दोन पोती तांदूळ आणवून पलीकडे पाठवले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. रात्री साडेआठला इतकी गर्दी होते की अर्धा तास जिन्यात उभे राहावे लागते, आणि नऊनंतर आलेल्याला पोळ्या गार मिळतात. पावसाळ्यात बटाटा आठवड्यातून चार वेळा येतो. ज्यांना अंडी किंवा मांसाहार हवा आहे त्यांनी दुसरीकडे चौकशी करावी. जिना अरुंद आणि उभा आहे, त्यामुळे ज्यांच्या पायाला इजा आहे अशांना वर येणे खरोखर कठीण जाते; अशा सभासदाला डबा खाली आणून देतात, पण त्याला पंगतीत बसता येत नाही, याचे मला वाईट वाटते. हात धुण्याच्या जागी फरशी गुळगुळीत झाली आहे; मी तेथे दोनदा घसरले आहे आणि काकूंना सांगितलेही आहे. त्यांनी सध्या तरट टाकले आहे, पण फरशी बदलणे आवश्यक आहे. पैसे रोखच द्यावे लागतात.

नवीन सभासद महिन्याच्या 1 तारखेलाच घेतात आणि जूनच्या अखेरीस जागा संपतात, म्हणून प्रवेश निश्चित होताच दांडिया बाजारात येऊन जावे. आधी पाहुण्याचे ताट घेऊन चव पाहावी; काकू स्वतःच तसे सुचवतात. साखर कमी हवी असेल तर पहिल्याच दिवशी सांगावे, त्या भाजी वेगळी काढून ठेवतात. बुधवारी रात्री आलात तर फळीवरच्या काळ्या मसाल्याची बरणी मागून घ्या. माझी परीक्षा झाल्यावरही ती तेथेच राहणार आहे, आणि दिवाळीला आईने भरून दिलेला मसाला अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहे.