सरकारविरुद्ध लढायला सरकारी खर्चाने वकील: नागपुरातली मोफत विधी सेवा

तडीपारीची नोटीस आली, महापालिकेने घराच्या दारावर कागद चिकटवला किंवा घरातल्या तरुण पोराला पोलिसांनी रात्री उचलून नेलं, की नागपुरातल्या बहुतेक घरांत कायद्याआधी वकिलाच्या फीचा विषय निघतो. विधी सेवा प्राधिकरण आहे ते त्यासाठीच. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीचा अनुच्छेद 39-अ राज्यघटनेत आला, 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला, आणि ज्या सरकारशी तुमचं भांडण आहे त्याच्याच तिजोरीतून तुमच्या वकिलाचं मानधन देण्याची सोय झाली.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. या वकिलाला लोक सर्रास ‘सरकारी वकील’ म्हणतात आणि त्यामुळेच त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत. सरकारी वकील तो, जो शासनाची बाजू मांडतो. विधी सेवेतून मिळणारा वकील वकालतनामा तुमचा दाखल करतो आणि बांधील तुम्हाला असतो. फक्त त्याचा खर्च प्राधिकरण उचलतं. त्या खर्चात कोर्ट फी, प्रोसेस फी, टायपिंग, प्रमाणित नकला आणि कागदपत्रांचं भाषांतरही येतं. वकिलाने अशिलाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा नियम आहे. कुणी ‘वरखर्च’ म्हणून पैसे मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. सचिव हे स्वतः न्यायिक अधिकारी असतात.

सेवा कुणाला मिळते, हे ठरवणारं 1987 च्या कायद्याचं कलम 12 नीट वाचण्यासारखं आहे. स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीचे, आपत्तीचे किंवा जातीय अत्याचाराचे बळी आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. दरमहा 25,000 च्या वर कमावणारा खुल्या प्रवर्गातला पुरुष त्यामुळे बाहेर पडतो, आणि नागपूरच्या खासगी वकिलाच्या फीचा विचार केला तर ही रेषा फार खाली ओढली आहे. घर पत्नीच्या नावावर असेल किंवा नोटीस तिच्या नावाने निघाली असेल, तर अर्ज तिने करावा. तिच्यासाठी उत्पन्नाचा प्रश्नच उद्भवत नाही, ही गोष्ट अनेक कुटुंबांना शेवटपर्यंत कळत नाही. उत्पन्नासाठी तहसीलच्या दाखल्यावर अडून बसायचीही गरज नाही. कलम 13 प्रमाणे अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र पुरेसं आहे, त्यावर अविश्वास ठेवायला कारण असेल तरच पुढची चौकशी होते.

जायचं कुठे, हे चुकलं तर आठवडा वाया जातो. मॅजिस्ट्रेट, सत्र न्यायालय किंवा दिवाणी न्यायालयातलं प्रकरण असेल, तर सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. काटोल, रामटेक, उमरेडसारख्या ठिकाणी तालुका समितीकडे अर्ज देता येतो. रिट याचिका करायची असेल, तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची स्वतंत्र विधी सेवा उपसमिती आहे, आणि विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांतली माणसं तिथेच येतात. 15100 हा टोल फ्री क्रमांक सल्ल्यासाठी आणि पत्ता कळण्यासाठी ठीक आहे. अर्ज राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) संकेतस्थळावरूनही भरता येतो. पण नोटिशीची मुदत चालू असेल तर कागद घेऊन स्वतः जाणंच बरं.

आता वेळेचं गणित. नियमाप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. ऐकायला हे ठीक वाटतं, पण नोटीस 15 दिवसांची असेल तर जवळपास निम्मी मुदत अर्जातच जाते. म्हणून अर्जाच्या डोक्यावर ‘तातडीचे’ असं लिहून खाली मुदत संपण्याची तारीख टाका. सोबत नोटिशीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, ती पोस्टाने आली असेल तर शिक्क्यासकट पाकीट, चिकटवली असेल तर तारीख दिसणारा फोटो, ओळखपत्र, जातीचा दाखला किंवा उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र, आणि एका पानावर तारीखवार हकिगत. हे एक पान सगळ्यात मोलाचं. नेमलेला वकील फाइल पहिल्यांदा उघडतो तेव्हा त्याच्या हाती तेवढंच तयार असतं.

घर पाडण्याच्या नोटिशीत ही सेवा किती कामाची आहे, ते 13 नोव्हेंबर 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अधिक स्पष्ट झालं. हा निकाल न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाचा, आणि त्यांची वकिली नागपूर खंडपीठातच घडली. किमान 15 दिवसांची नोटीस, तीही नोंदणीकृत टपालाने, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर पुन्हा 15 दिवस, आणि पाडकामाचं चित्रीकरण. यातली एक पायरी गाळली तरी अधिकाऱ्याला वैयक्तिक भरपाई द्यावी लागू शकते. 24 मार्च 2025 ला नागपूर खंडपीठाने शहरातल्या पाडकामाला स्थगिती दिली, तेव्हा मुद्दा हाच होता. मात्र रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरचं बांधकाम आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेलं बांधकाम या संरक्षणात येत नाही. नाल्याकाठच्या वस्त्यांमधून आलेल्या अर्जात जागेचं नेमकं स्वरूप लिहिलेलं नसतं, आणि गाडं तिथेच अडतं. नझूल, आखीव पत्रिका, पट्टा, घरटॅक्सची पावती, जे असेल ते पहिल्याच दिवशी द्या.

तडीपारीत लोक हमखास चुकीच्या दारात जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 55 ते 57 खाली कारवाई होते, आणि हद्दपारी दोन वर्षांपर्यंतची असू शकते. आधी कलम 59 ची नोटीस येते, तिच्यात आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप सांगावं लागतं, आणि त्या सुनावणीला वकिलामार्फत हजर राहता येतं. विधी सेवेच्या व्याख्येत न्यायालयाबरोबर ‘इतर प्राधिकारी’ही येतात, म्हणजे या टप्प्यापासूनच मोफत वकील मागता येतो. बहुतेक जण आदेश निघाल्यावर जागे होतात. आदेशाविरुद्ध कलम 60 प्रमाणे 30 दिवसांत राज्य शासनाकडे अपील, आणि पुढे खंडपीठात फौजदारी रिट. मॅजिस्ट्रेटकडे जाऊन इथे काहीच मिळत नाही.

एमपीडीएची, म्हणजे धोकादायक व्यक्तींविरुद्धच्या प्रतिबंधक कायद्याखालची, स्थानबद्धता याहून कडक. 1981 च्या या कायद्यात आरोपपत्र नाही, खटला नाही, आणि माणूस 12 महिन्यांपर्यंत आत राहू शकतो. पाच दिवसांत कारणं कळवणं, 12 दिवसांत शासनाची मंजुरी, तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे प्रकरण, या मुदती हीच बचावाची जागा. मंडळापुढे वकिलाला उभं राहता येत नाही, त्यामुळे लेखी निवेदन चांगलं लिहिलं जाणं फार महत्त्वाचं. त्या निवेदनावर शासनाने विनाकारण उशीर केला, तर एवढ्यावरूनही आदेश रद्द होऊ शकतो. स्थानबद्ध माणूस कोठडीतच असतो, त्यामुळे त्याला उत्पन्न न पाहता ही सेवा मिळते. निवेदन कैद्याने स्वतः घाईत खरडण्याआधी तुरुंगातल्या विधी सेवा केंद्राकडे मागणी नोंदवावी.

अटकेच्या प्रकरणांत ही सेवा मला सगळ्यात भक्कम वाटते, कारण मागे न्यायालयांचा दट्ट्या आहे. 24 तासांत हजर करणं हे अनुच्छेद 22 चं बंधन. पहिल्याच हजेरीला ‘तुला मोफत वकील मिळू शकतो’ हे आरोपीला सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य, हे 2012 मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहीर शाह प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी नेमकं सांगितलं: अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी ठरवायला, हजर करण्याच्या दोन तास आधी. रिमांडच्या वकिलाने पहिल्यांदा हाच कागद मागावा. 2022 पासून नालसाने फौजदारी प्रकरणांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत आणली. हे वकील खासगी प्रकरणं घेत नाहीत, आणि प्राधिकरणाच्या यादीतून (पॅनेल) एकेका प्रकरणापुरत्या नेमलेल्या वकिलापेक्षा ही व्यवस्था निःसंशय सरस आहे.

खरी गळती पुढे होते. आरोपपत्र 60 किंवा 90 दिवसांत आलं नाही तर जामीन हा हक्क आहे, पण तो मागावा लागतो. दिवस मोजायचे ते अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडचा दिवस धरून. मुदत संपल्यावर अर्ज न देता बसलात आणि तेवढ्यात आरोपपत्र आलं, की हक्क गेला. मधेच वकील बदलला तर ही तारीख कुणाच्याच डायरीत राहत नाही. घरच्यांनी ती कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी आणि आदल्या दिवशी प्राधिकरणात जाऊन वकिलाचं नाव विचारावं. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश 31 जानेवारी 2023 चा आहे. जामीनदार मिळत नसेल तर याच टप्प्यावर जातमुचलक्याची, म्हणजे स्वतःच्या लेखी हमीवर सुटकेची, मागणी करता येते.

सेवेतल्या उणिवा लपवण्यात अर्थ नाही. वकील आपल्या पसंतीचा मिळेलच असं नाही. मानधन खासगी फीच्या मानाने कमी, त्यामुळे गुंतागुंतीच्या रिटला अनुभवी वकील मिळणं कठीण. नेमलेला वकील पेशीला येत नसेल तर तोंडी कुरकुर न करता तारखांसह लेखी अर्ज द्या आणि वकील बदलून मागा. देखरेख समिती असते ती यासाठीच. खंडपीठाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे आपल्याच याचिकेत काय लिहिलंय हे अशिलाला कळत नाही. सही करण्याआधी प्रत्येक परिच्छेद मराठीत समजावून घ्यायचा, लाजायचं नाही.

लोकअदालत याच प्राधिकरणाकडून चालते. वीज, पाणी, विमा अशा तक्रारींना स्थायी लोकअदालत उत्तम. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. शासनाच्या अधिकाराच्या मर्यादेचा प्रश्न असेल तर तडजोडीच्या कागदावर सही करू नका.

आणि अटक शनिवारी रात्री झाली, कार्यालय बंद असलं, तरी रविवारी सुट्टीच्या न्यायालयात हजर करावंच लागतं. तिथे आरोपीने एवढंच म्हणावं: “साहेब, मला वकील नाही, विधी सेवेतून द्यावा, आणि ही मागणी रोजनाम्यात लिहावी.”