बॅले, कथक, भरतनाट्यम, साल्सा की हिपहॉप? पहिल्या महिन्यात कानावर पडणारे शब्द

डान्स शिकायचाय पण कुठला ते ठरत नाहीये, अशा वेळी बहुतेक जण आधी विचारतात की सोपा कुठला, किंवा माझं वय उलटून गेलंय का. मी यातले तीन क्लास वेगवेगळ्या वेळी करून पाहिले (दोन सोडले, कबूल), उरलेल्या दोन क्लासांत मागे बसून बघितलं, आणि मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. शिकवणारे जे शब्द वापरतात ते तुमच्या डोक्यात कुठल्या वाटेने शिरतात? कारण पहिला महिना पाय बिचारे चालतच असतात, अडतो आपण "आता हे काय म्हणाले" इथे.

बॅलेपासून सुरू करते कारण शब्दांची भीती सगळ्यात जास्त त्याचीच असते. सगळं फ्रेंच. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली तेव्हापासून ही भाषा चिकटली ती चिकटलीच, आज जगात कुठेही बॅलेच्या क्लासात जा, प्लिए म्हणजे प्लिएच. आणि गंमत अशी की हे शब्द ऐकायला भारदस्त असले तरी अर्थ अगदी साधे आहेत. प्लिए म्हणजे वाकलेलं, तांद्यू म्हणजे ताणलेलं, रेलेव्हे म्हणजे उचललेलं, सोते म्हणजे उडी मारलेलं, फोंद्यू म्हणजे वितळलेलं, पा द शा म्हणजे मांजराचं पाऊल. मी पहिल्या दिवशी तांद्यू हे कुणाचं तरी नाव समजून मागे वळून बघितलं होतं, पण अर्थ कळल्यावर पाय आपोआप ताणला जायला लागला. म्हणजे बॅलेचा शब्द हा हुकूम असतो, शब्द आला की शरीराने ते करायचं. पायांच्या ५ पोझिशन आणि बारला (म्हणजे आधाराच्या आडव्या दांडीला) धरून करायचे आठ-दहा शब्द एवढं पाठ झालं की पहिले काही महिने निघतात. एक डोकेदुखी मात्र आहे, पद्धत बदलली की काही आकडे बदलतात, वागानोव्हा पद्धतीत अरबेस्कचे (एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणायचा ती पोझ) ४ प्रकार, चेकेटीत ५, त्यामुळे इंटरनेटवर बघून पाठ केलेला "तिसरा अरबेस्क" क्लासात वेगळाच निघू शकतो.

कथकमध्ये गाडी उलटी चालते. इथे शब्द हालचालीचं वर्णन करतच नाही, तो स्वतःच आवाज आहे. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. याचा अर्थ काय असं विचारलंत तर उत्तर एवढंच की हा पायाचा आवाज आहे आणि तो आधी तोंडाने म्हणायचा, हाताने ताल धरून, त्याला पढंत म्हणतात. पाय उजवा डावा उजवा डावा, आणि मग "आ" वर परत डावाच! म्हणजे डावा लागोपाठ दोनदा, आणि इथेच नव्या माणसाची फजिती होते, माझी तर तीन आठवडे झाली, कारण चालायची सवय असलेले पाय म्हणतात आता उजव्याची पाळी आणि तोंड म्हणतं नाही. तीनतालाच्या १६ मात्रा, १ वर सम, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर खाली (म्हणजे टाळी न देता रिकामी सोडायची मात्रा), हे एकदा बसलं की मग तिहाई कळते, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून शेवटचा ठोका बरोब्बर समेवर आणायचा. ठाय, दुगुन, चौगुन हे वेगाचे शब्द, तत्कार, म्हणजे वरचे ते पायाचे बोल, आहे तोच राहतो पण चौगुनीत एका मात्रेत चार बोल बसवायचे. ज्यांना गाणी ऐकता ऐकता बोटांनी टेबल वाजवायची सवय आहे त्यांनी डोळे झाकून कथक घ्यावं, बाकी कुठे जायची गरज नाही.

भरतनाट्यम मला या दोघांच्या मधे वाटतं. सोल्लुकट्टू म्हणजे बोल आहेतच, "तैया तै" म्हणत पाय आपटायचा, पण सोबत हालचालीला नाव पण आहे. तट्टडवू, त्यातलं तट्टु म्हणजे आपटणं. नाट्टडवूत पाय बाजूला लांबवून टाच टेकवायची. आता हे तांद्यूशेजारी ठेवून बघा, तिथेही पाय लांबच जातो पण जमिनीला पायाची बोटं लागलेली राहतात, इथे टाच लागते. अरमंडी आणि प्लिएचंही तसंच, दोन्हीत गुडघे बाहेरच्या दिशेने उघडून खाली जायचं, फोटोत तर फरक लवकर कळत पण नाही, पण प्लिएत खाली जाऊन परत वर येता आणि अरमंडीत तिथेच मुक्काम. दहा मिनिटांनी मांड्या सांगतात तुम्ही कुठल्या क्लासात आहात ते. वर हातांचा हिशोब वेगळा, एका हाताच्या मुद्रा २८, पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख अशा क्रमाने, त्या श्लोकासारख्या पाठ करायच्या. पाठांतर आवडणाऱ्याला हे आवडतं, मला पताकच्या पुढे काही अनामिका वाकत नव्हती (त्रिपताकात फक्त तेवढं एकच बोट वाकवायचं असतं, करून बघा).

साल्सात शब्द कमी आहेत आणि ते एकट्याचे नाहीतच. लीड (नेणारा), फॉलो (त्याच्या इशाऱ्यावर जाणारा), बेसिक, क्रॉस बॉडी लीड (फॉलोला आपल्या समोरून पलीकडे नेणं), राइट टर्न, एवढ्यावर माणूस पार्टीत नाचू शकतो, खरंच. आठ काउंटमध्ये पावलं सहाच, १-२-३ आणि ५-६-७, ४ आणि ८ ला थांबायचं, आणि नवशिके हमखास तिथेच एक जास्तीचं पाऊल टाकतात कारण रिकामी जागा सहन होत नाही. फक्त क्लास निवडताना एक विचारून घ्या, ऑन वन शिकवता की ऑन टू, कारण दिशा बदलायची ती पावलं, ज्याला ब्रेक म्हणतात, एकात १ आणि ५ वर येतात आणि दुसऱ्यात २ आणि ६ वर, आणि एक शिकून दुसरं नाचणाऱ्याबरोबर उभं राहिलात की दोघंही एकमेकांना चुकीचे समजतात. क्युबन कॅसिनो (साल्साचाच क्युबातला प्रकार) असेल तर शब्द स्पॅनिश होतात, क्रॉस बॉडी लीडसारख्याच हालचालीला तिथे दिले के नो म्हणतात, अर्थ साधारण "त्याला नाही म्हण" असा. रुएदा या त्याच्याच प्रकारात सगळ्या जोड्या गोलात उभ्या राहतात, एकजण ओरडून शब्द सांगतो आणि सगळे एकदम करतात, तिथे शब्द चुकला तर तुमच्यामुळे अख्खा गोल अडतो. लाजाळू माणसाने आधी साधा साल्साच करावा.

हिपहॉपचे शब्द म्हणजे टोपणनावं. रनिंग मॅन बघितला की कळतो, सांगत बसावं लागत नाही. बाउन्स, रॉक, टू-स्टेप, ग्रूव्ह हे रोजचे. पण "हिपहॉप" या एका पाटीखाली तीन वेगळी घरं तरी असतात हे आधी माहीत असलेलं बरं: लॉकिंग डॉन कॅम्पबेल या नर्तकाने काढलेलं, पॉपिंगमध्ये हिट म्हणजे स्नायू झटकन आवळून सोडणं, ब्रेकिंगमध्ये उभ्याने टॉपरॉक, खाली सिक्स-स्टेप आणि शेवटी फ्रीज, म्हणजे आहे त्या पोझमध्ये थिजणं. पॉपिंगमधल्या एका बेसिक स्टेपचं नाव फ्रेस्नो आहे, गावाच्या नावावरून. आणि बऱ्याच क्लासात यातलं काहीच शब्दाने सांगत नाहीत, "हे बघ, असं, पा, का, बूम" एवढंच. बघून उचलणाऱ्याला मजा, माझ्यासारखीला घाम.

एकच शब्द दोन ठिकाणी भेटला की घोळ होतो तो पण सांगून ठेवते. साल्सातला ब्रेक म्हणजे दिशा बदलणं, ब्रेकिंगमधला ब्रेक म्हणजे रेकॉर्डमधला तो तालवाद्यांचा तुकडा ज्यावर नाचणारे उतरायचे. पोझिशन म्हटलं की बॅलेवाला पायाकडे बघतो आणि वॉल्ट्झवाला जोडीदाराला धरायच्या पद्धतीकडे. गिरकी तर सगळीकडे आहे, पण कथकची चक्कर टाचेवर, बॅलेची गिरकी म्हणजे पिरुएट चवड्यावर, साल्साचा टर्न पण चवड्यावर आणि ब्रेकिंगमध्ये थेट डोक्यावर. नजर एका जागी धरून मान शेवटी फिरवायची युक्ती मात्र कथक, बॅले, साल्सा तिन्हीकडे चालते, म्हणजे एकदा शिकलात की तीनदा उपयोगी.

दोन क्लास एकदम करू का? कथक आणि साल्सा चालतील, डोकं वेगवेगळ्या कप्प्यात राहतं. बॅले आणि हिपहॉप पहिल्या वर्षी तरी नको, कारण एकात "वर" हे घर आहे आणि दुसऱ्यात "खाली", बाउन्स करायला सांगितला की बॅलेवाल्याची पाठ ताठ होऊन बसते. आणि कुठेही गेलात तरी शिकवणारे "५, ६, ७, ८" म्हणाले की लगेच हलू नका, ती फक्त तयारी असते, नाचायचं त्याच्या पुढच्या १ पासून. मी पहिल्या दिवशी ५ लाच सुटले होते, एकटीच.