हॅरी पॉटरचा ‘अमेरिकन संच’ म्हणून माझ्या गळ्यात मारलेली ब्रिटिश पुस्तके

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांचा अमेरिकन हार्डकव्हर संच देतो असे सांगून एका विक्रेत्याने माझ्याकडून ३६,३५० रुपये उकळले आणि मला पाठवली ती रंगीत प्रिंटच्या वेष्टनात गुंडाळलेली ब्रिटिश पुस्तके. पैसे त्याने तीन टप्प्यांत काढले : आधी ‘टोकन’ म्हणून ५,००० रुपये, मग उरलेले २७,५०० रुपये आणि शेवटी ‘विमा व कस्टम’ या नावाखाली ३,८५० रुपये. ही पद्धत आता सर्वांच्या परिचयाची आहे, त्यामुळे तिचे वर्णन करत बसत नाही. मला लिहायचे आहे ते चित्रांबद्दल, कारण या मालिकेच्या आवृत्त्या-आवृत्त्यांतली चित्रे वेगळी असतात या गोष्टीचाच त्या माणसाने हत्यारासारखा वापर केला.

मी चित्रकला शिकवते, आणि मला हा संच हवा होता तो केवळ चित्रांसाठी. आपल्याकडे दुकानांत हॅरी पॉटर मिळतो तो ब्लूम्सबरीचा, म्हणजे ब्रिटिश आवृत्तीचा. त्याच्या मुखपृष्ठांवर वेगवेगळ्या चित्रकारांचा हात आहे : पहिल्या भागावर थॉमस टेलर, दुसऱ्या-तिसऱ्यावर क्लिफ राइट, चौथ्यावर जाइल्स ग्रीनफील्ड आणि शेवटच्या तीन भागांवर जेसन कॉकक्रॉफ्ट. या नेहमीच्या ब्रिटिश आवृत्तीत प्रकरणांना चित्रे नसतात. प्रकरणाचा क्रमांक, नाव आणि लगेच मजकूर. अमेरिकेत स्कोलास्टिकने १९९८ साली पहिला भाग काढला तेव्हा मात्र मेरी ग्रँडप्रे या चित्रकर्तीकडून मुखपृष्ठाबरोबर प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावरचे छोटे कृष्णधवल चित्रही करून घेतले, आणि २००७ च्या सातव्या भागापर्यंत सगळी चित्रे तिचीच राहिली. छायेतून आकार कसा उलगडत न्यावा आणि कागदाचा पांढरा भाग कुठे मोकळा सोडावा, हे मुलांना दाखवायला त्या चित्रांसारखे साधन नाही. परंतु प्रकाशनाचे हक्क देशांप्रमाणे वाटलेले असल्यामुळे ही अमेरिकन पुस्तके आपल्या नेहमीच्या दुकानांत येत नाहीत, आणि त्यामुळे खरी प्रत शेजारी ठेवून ताडून पाहण्याची सोयही नसते. फसवणाऱ्यांचे फावते ते इथेच.

विक्रेता मला जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन गटात भेटला. त्याने पाठवलेली छायाचित्रे अस्सल अमेरिकन पुस्तकांची होती, याबद्दल मला आजही शंका नाही. फक्त ती पुस्तके त्याची नव्हती. पहिल्या भागावर कमानींमधून झाडूवर बसून येणारा हॅरी, सातव्या भागावर हात वर उचलून उभा असलेला हॅरी, आतल्या पानांचे जवळून घेतलेले फोटो, सगळे चोख होते. ‘ताई, तुम्ही चित्रातल्या जाणकार आहात, तुम्हाला मी काय सांगणार,’ असे तो प्रत्येक वेळी म्हणायचा. टोकन दिल्यावर मी पुस्तके हाताळतानाचा व्हिडिओ मागितला. जपून व्यवहार करणारा माणूस जे करतो ते सर्व मी केले होते, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण ‘तुम्ही चौकशीच केली नाही’ हे वाक्य मी नंतर फार लोकांकडून ऐकले.

त्या व्हिडिओतला एक क्षण आठवला की मला आजही संताप येतो. त्याने पहिल्या भागाचे वेष्टन दाखवले, पाने फडफडवली आणि पहिल्या प्रकरणाचे पान क्षणभर उघडे धरले. त्या पानावर चित्र नव्हते. माथ्यावर क्रमांक, त्याखाली प्रकरणाचे नाव, त्याखाली थोडी मोकळी जागा आणि मग मजकूर. मी व्हिडिओ तिथे थांबवला, पडद्याचा फोटो काढला, त्याला पाठवला आणि चित्र कुठे आहे असे स्पष्ट विचारले. त्याचे उत्तर तयार होते : ‘ताई, पहिला भाग अगदी सुरुवातीच्या छपाईचा आहे. त्यात आतली चित्रं नव्हती, ती पुढच्या छपाईत घातली. पुढच्या सहा भागांत सगळी चित्रं आहेत. उलट चित्रं नसलेली प्रतच दुर्मीळ असते. तुम्हाला नको असेल तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.’ मी त्याच संध्याकाळी २७,५०० रुपये पाठवले.

असे उत्तर कोणाला कसे पटू शकते, असे विचारणाऱ्यांना या मालिकेचा इतिहास माहीत नाही, एवढेच मी म्हणेन. ब्रिटिश आवृत्तीच्या पहिल्या भागात छपाईगणिक चित्र बदलल्याचे प्रसिद्ध उदाहरण खरोखरच आहे. १९९७ साली आलेल्या पहिल्या प्रतींच्या मलपृष्ठावर टेलरने पाइप ओढणारा एक जादूगार काढला होता, जो कथेतला कोणीच नव्हता; वाचक तो कोण म्हणून विचारत राहिले आणि पुढच्या छपायांत त्याच्या जागी डम्बलडोरचे चित्र आले. याच टेलरने केलेले पहिल्या मुखपृष्ठाचे मूळ जलरंगचित्र २०२४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १९ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. ज्या मालिकेत मलपृष्ठावरच्या एका जादूगारावरून छपाई ओळखतात आणि मूळ चित्राला इतकी किंमत येते, तिच्यात आतली चित्रे नंतर घातली असतील हे ऐकून मला ते अशक्य वाटले नाही. त्याने खरी गोष्ट ब्रिटिश आवृत्तीची उचलली आणि अमेरिकन आवृत्तीला चिकटवली. ज्याला विषयाची काहीच माहिती नाही, तो या थापेला बळी पडला नसता. अर्धी माहिती असणाऱ्यालाच नेमकी गाठून ती रचलेली होती.

वस्तुस्थिती अशी आहे की अमेरिकन पहिल्या भागात प्रकरणांची चित्रे पहिल्या छपाईपासून आहेत. २०१३ साली तिथल्या पेपरबॅकना काझू किबुइशीची नवी मुखपृष्ठे आली, २०१८ साली ब्रायन सेल्झनिकची आली, पण दोन्ही वेळा आत ग्रँडप्रेचीच चित्रे कायम राहिली. म्हणून प्रकरणाच्या माथ्यावर चित्र नसेल, तर ती स्कोलास्टिकची मूळ मालिका नव्हे, मग वेष्टनावर काहीही असो. विक्रेता ‘ही डिलक्स प्रत’ असे म्हणू लागला तरी फरक पडत नाही. सहाव्या आणि सातव्या भागाच्या अमेरिकन डिलक्स प्रतींना वेगळे वेष्टन होते हे खरे आहे, सातव्यावर तर ड्रॅगनवर बसलेले तिघे आहेत, पण प्रकरणांची चित्रे त्यांतही आहेत. जिम केने चितारलेली, २०१५ पासून आलेली मोठ्या आकाराची रंगीत पुस्तके हा निराळाच प्रकार आहे. त्यात केचे काम पाचव्या भागापर्यंतच आले, त्यामुळे ‘जिम केचा सात भागांचा पूर्ण संच’ अशी जाहिरात दिसली तर तिथे थांबूसुद्धा नका.

पार्सल आले ते ३,८५० रुपये भरल्यानंतर. पुस्तके अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून येत आहेत असे त्याने सांगितले होते. प्रत्यक्षात ते देशातल्याच दुसऱ्या राज्यातून निघालेले होते, आणि अशा पार्सलवर कस्टम लागत नाही. वेष्टने गुळगुळीत, चकचकीत कागदावर छापलेली होती आणि किंमत असते तो आतल्या घडीचा कोपरा सातही वेष्टनांवर सारख्याच तिरप्या रेषेत कापलेला होता. सातव्या भागाचे अमेरिकन चित्र मुखपृष्ठावरून कण्यावर आणि तिथून मलपृष्ठावरच्या व्होल्डेमॉर्टपर्यंत सलग पसरलेले असते. इथे वेष्टन आतल्या पुस्तकाच्या मापाचे नसल्यामुळे ते सरकले होते आणि हॅरीचा खांदा घडीवर मोडला होता. पहिले तीन भाग साधे पेपरबॅक होते, त्यांना स्थानिक बांधणीवाल्याकडून पुठ्ठा चढवलेला होता आणि कॉपीराइटचे पान फाडलेले होते. पहिल्या भागाच्या वेष्टनावर ‘सॉर्सरर्स स्टोन’ हे अमेरिकन नाव होते आणि आतल्या नामपृष्ठावर ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ हे ब्रिटिश नाव. याहून ढळढळीत पुरावा काय असतो? सातही भागांत मिळून आत एकही चित्र नव्हते.

हाच पुरावा घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले, आणि तिथे जे ऐकले ते फसवणुकीइतकेच जिव्हारी लागले. ‘पुस्तके मिळाली ना? नाव तेच आहे ना? मग फसवणूक कसली?’ असे विचारले गेले. मी दोन्ही नावे दाखवली, चित्रे नसलेली पाने दाखवली, त्याचे संदेश दाखवले. ‘चित्रं नसली तर गोष्ट बदलते का, मॅडम?’ असे उत्तर मिळाले. हे दिवाणी प्रकरण आहे असे सांगून माझा अर्ज नुसता ठेवून घेतला आणि पोच देण्यासही टाळाटाळ केली. बँकेने सांगितले की व्यवहार मी स्वतः पिन टाकून केला असल्यामुळे त्यांची जबाबदारी नाही. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेने खातेदाराची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही असे सांगितले, आणि पोलीस म्हणाले की गुन्हाच नोंदलेला नाही तर पत्र कोणत्या आधारावर देणार. म्हणजे खाते, मोबाइल क्रमांक, संदेश, पार्सलवरचा पत्ता असे सगळे माझ्या हातात असताना त्याला साधा जाब विचारायला कोणी तयार नाही. खोटे वर्णन करून पैसे द्यायला लावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालील दखलपात्र गुन्हा आहे. माल आला म्हणून तो गुन्हा राहत नाही, असे कुठेही लिहिलेले नाही. पितळ सोने म्हणून विकले तर ‘दागिना तर मिळाला ना’ असे कोणते ठाणे म्हणेल? पुस्तकातल्या चित्रांना मात्र किंमत नसते असे आमच्या यंत्रणेने परस्पर ठरवून टाकले आहे, आणि त्याचा राग मला ३६,३५० रुपयांपेक्षा अधिक आहे.

ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये तशी तरतूद आहे आणि मीही आता तेच केले आहे. पैसे जाताच, पार्सलची वाट न पाहता, संशय आला त्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकली की ती अडवणे कठीण होते. व्हिडिओ मागाल तेव्हा पान तुम्ही निवडा : कॉपीराइटचे पान आणि मधल्या कोणत्याही प्रकरणाची सुरुवात, वेष्टन काढलेल्या पुस्तकातली, एकाच सलग चित्रीकरणात. कोपरा कापलेले वेष्टन एखादे असू शकते, सातही नसतात. ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ हे शब्द आले की व्यवहार तिथेच तोडा. पार्सल फोडतानाचे चित्रीकरण ठेवा. माझ्याकडे ते आहे, म्हणून निदान पुस्तके मी बदलली असा उलटा आरोप तो करू शकला नाही.

त्याची जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा फिरते आहे. छायाचित्रे तीच आहेत : गडद लाकडी टेबलावर आडवी रचलेली सात पुस्तके, त्यांतल्या तिसऱ्याच्या कण्याचा वरचा कोपरा किंचित फाटलेला. या वेळी टोकन ७,००० रुपये मागितले जात आहे. ज्यांनी ते भरले असेल त्यांनी मला कळवावे; एकाच खात्याविरुद्ध अनेकांच्या तक्रारी एकत्र गेल्या, तर हे दिवाणी प्रकरण आहे असे सांगून आम्हाला परत पाठवणे पोलिसांना जड जाईल.