पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवरचा 'मदतनीस'

लंडनहून युरोस्टार रेल्वेने पॅरिसला जाणारे आपले लोक गार दु नॉर स्टेशनवर उतरतात. तिथून मेट्रोसाठी खाली गेलं की तिकिटांच्या यंत्रांपुढे ही गर्दी. आमची फसवणूक तिथेच झाली. दिवाळीच्या सुट्टीत अनेक जण युरोपला जातात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा आणि सासू-सासरे. यंत्राच्या पडद्यावर फ्रेंच. इंग्रजीचा पर्याय असतो, पण तो सापडेपर्यंत मागचा माणूस सुस्कारे टाकायला लागतो. तेवढ्यात निळं जाकीट घातलेला एक गृहस्थ पुढे आला. गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी लटकत होतं आणि बोलणं अगदी अदबीचं. कुठे उतरणार, किती दिवस राहणार, सोबत म्हातारी माणसं आहेत का, सगळी चौकशी केली.

सासरे लगेच म्हणाले, "अगं, हा आपल्या डोंबिवलीच्या मशीनवाल्यांसारखा असणार." मुंबईकरांना हे पटेल. आपल्याकडे लोकलच्या एटीव्हीएमपाशी, म्हणजे तिकिटाच्या यंत्रापाशी, रेल्वेतून निवृत्त झालेली मंडळी उभी असतात आणि तिकीट काढून देतात, तेही रीतसर नेमलेली. त्यामुळे यंत्राजवळ उभं राहून मदत करणाऱ्या माणसाचा आपल्याला संशयच येत नाही. पॅरिसमध्ये मात्र स्टेशनचा माणूस तुमच्याकडून रोख पैसे घेऊन स्वतःच्या कार्डाने तुमचं तिकीट काढत नाही. हा फरक आधी कोणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

नवऱ्याने फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन भरलेलं कार्ड, यंत्रात घातलं. पिन टाकायच्या आत त्या माणसाचं बोट पडद्यावर गेलं आणि व्यवहार रद्द झाला. "फॉरेन कार्ड, नो वर्क," म्हणाला. चेहऱ्यावर इतकं दुःख, जणू त्याचेच पैसे अडकले होते. मग त्याने स्वतःचं कार्ड घातलं, भराभर बटणं दाबली आणि चार नॅव्हिगो ईझी कार्डं, म्हणजे तिकिटं भरून गेटवर टेकवायची कार्डं, आमच्या हातात दिली. पाच दिवस, सगळे झोन (भाड्याचे टप्पे), माणशी साठ युरो, असा हिशोब. दोनशे चाळीस युरो रोख मोजून घेतले. वर गेटपर्यंत सोबत आला. कार्ड टेकवलं, गेट उघडलं, चौघं आत. त्याने हात हलवून निरोपही दिला!

सगळी मेख या उघडलेल्या गेटमध्ये आहे. गेट उघडलं की माणूस निर्धास्त होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयफेल टॉवरला निघालो. हॉटेलजवळच्या स्टेशनवर सासऱ्यांच्या कार्डाला लाल दिवा लागला. मग सासूबाईंच्या, मग आमच्या. काउंटरवरच्या बाईंनी चारही कार्डं वाचून पडदा आमच्याकडे वळवला. प्रत्येकावर एकच तिकीट होतं आणि ते आदल्या संध्याकाळी वापरलं गेलं होतं.

आता दर बघा. २०२५ मध्ये कोरं नॅव्हिगो ईझी कार्ड दोन युरोला होतं आणि मेट्रोचं एक तिकीट अडीच युरोला. म्हणजे त्याने माणशी साडेचार युरो खर्च केले, एकूण अठरा, आणि घेतले दोनशे चाळीस. आकडा खोटा वाटत नाही, कारण पर्यटकांसाठी 'पॅरिस व्हिजिट' नावाचा पाच दिवसांचा पास खरोखर आहे आणि तो साठ युरोपेक्षा महाग आहे. त्यामुळे उलट स्वस्तात पडल्यासारखं वाटतं.

अशा कार्डावर काय भरलंय ते जागच्या जागी कळतं. त्याच यंत्रावर कार्ड ठेवलं की आतली तिकिटं पडद्यावर दिसतात. फोनमध्ये एनएफसी (कार्ड टेकवून वाचायची सोय) असेल तर तिथल्या वाहतूक प्राधिकरणाच्या इल-दे-फ्रान्स मोबिलिते या ॲपवरही कार्ड वाचता येतं. कोणी "आठवड्याचा पास" म्हणून नॅव्हिगो ईझी पुढे केलं तर तो सरळ खोटं बोलतोय. आठवड्याचा पास या कार्डावर बसतच नाही, आणि तो सोमवार ते रविवार असाच चालतो. दिवसभर बरंच फिरायचं असेल तर एका दिवसाचा पास मिळतो, २०२५ मध्ये तो बारा युरोला होता. आणि परदेशी कार्ड चालत नाही हीसुद्धा थापच. त्याच फॉरेक्स कार्डाने आम्ही नंतर रोज तिकिटं काढली.

याच धंद्याचा आणखी एक प्रकार आहे. मोठ्या माणसांना लहान मुलांची अर्ध्या दराची तिकिटं द्यायची. गेट त्यालाही उघडतं, पण पुढे तपासनीस उभे असतात. दंड जागेवर भरावा लागतो, नाही भरला तर रक्कम वाढते, आणि "मला असंच विकलं" हे कोणी ऐकून घेत नाही. विमानतळाचंही लक्षात ठेवा. मेट्रोचं साधं तिकीट शार्ल द गॉल विमानतळाला चालत नाही, त्याचं वेगळं तिकीट २०२५ मध्ये तेरा युरोचं होतं. आणि मेट्रोचं तिकीट बसला चालत नाही. हे फसवणुकीत मोडत नाही, पण दंड होतोच.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी शांतपणे लिहून घेतली, प्रत दिली. प्रवास विम्यात रोख गेलेले पैसे बसत नव्हते, त्यामुळे तिकडून काही मिळालं नाही. सासरे दोन दिवस त्या माणसाला शोधत प्रत्येक स्टेशनवर यंत्रांजवळ डोकावून पाहत होते. सापडला असता तर काय करणार होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

कार्डं मात्र अस्सल होती, दहा वर्षं चालणारी. उरलेले दिवस त्यांच्यातच तिकिटं भरून आम्ही फिरलो.