वर्तकनगरचा टेबल टेनिस क्लास: डबल्स शिकायचं असेल तर नक्की

ठाण्यात वर्तकनगरला एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये हा क्लास भरतो. चार टेबलं, फी महिन्याला दोन हजार. पन्नाशीच्या बाईला बघून "फिटनेससाठी का मॅडम?" असं न विचारणारे हे मला भेटलेले पहिलेच कोच. आधी जिथे जात होते (नाव घेत नाही) तिथले सर राज्य पातळीवर खेळलेले, पण तासभर स्वतःचाच टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, दाखवत बसायचे. आम्ही बॉल वेचायचो.

इथले सर मूळचे डबल्सवाले, आणि माझ्या मते सगळी गंमत त्यातच आहे. एकदा त्यांनी आम्हाला मोबाईलवर सिडनी ऑलिंपिकची, म्हणजे 2000 सालची, क्लिप दाखवली. फ्रान्सची जोडी, जाँ-फिलिप गातिएं आणि पात्रिक शिला. गातिएं 1993 चा विश्वविजेता, त्याच्या आदल्या वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या वॉल्डनरकडून फायनल हरलेला. डावखुरा, टेबलाला चिकटून झपाझप मारणारा. आमची नजर अर्थातच त्याच्यावर. सर म्हणाले, "त्याला सोडा, दुसऱ्याचे पाय बघा."

दुसरा म्हणजे शिला, उजव्या हाताचा. डबल्समध्ये जोडीदारांनी आळीपाळीनेच मारायचं असतं, त्यामुळे आपला फटका झाला की लगेच जागा रिकामी करावी लागते. एक डावरा, एक उजवा असेल तर फटका मारून दोघं आपापल्या बाजूला सरकतात आणि धडकाधडकी कमी होते. पण वाट तरीही द्यावीच लागते, आणि गातिएंसारखा जोडीदार असेल तर ती वेळेवर द्यावी लागते. कोरियाच्या ली चुल-सुंग आणि र्यू सुंग-मिन यांना हरवून दोघांनी ब्राँझ घेतलं. 38 मिलिमीटरच्या बॉलचं ते शेवटचं ऑलिंपिक. त्यानंतर बॉल 40 चा झाला आणि 2001 पासून गेम 21 ऐवजी 11 गुणांवर आला.

पुढे गातिएं आयोजनाच्या बाजूला गेला, पॅरिस 2024 च्या आयोजन समितीत क्रीडा संचालक होता. फ्रान्सच्या पुरुष संघाचा कोच झाला तो शिला. 2016 च्या युरोपियन स्पर्धेत बुडापेस्टला सिंगल्सच्या फायनलमध्ये दोन्ही बाजूंना फ्रेंचच: लेबेसाँने सिमाँ गोझीला हरवलं. मला यात नवल वाटत नाही. ज्याने इतकी वर्षं जोडीदाराचा पुढचा फटका आधी ओळखून स्वतःची जागा सोडली, तो दुसऱ्याचा खेळ वाचणारच.

आमच्या सरांकडेही तेच. जमिनीवर लाल आणि निळ्या चिकटपट्टीने पावलं आखलीत, लाल डावऱ्यांची, निळी उजव्यांची. माझ्या जोडीदार जोशीकाकू डावऱ्या. सर बादलीतून एकामागून एक बॉल टाकत राहतात आणि हाताकडे बघतसुद्धा नाहीत, नजर सगळी पायांवर. मी फटका मारून कौतुकाने बॉलकडे बघत उभी राहिले की ओरडतात, "मॅडम, मारलात ना? मग सरका! बघत बसायला गडकरी रंगायतन आहे!" कुणाची जोडीदार आली नाही तर स्वतः उभे राहतात आणि मुद्दाम बेताचा खेळतात, समोरच्याला जिंकायला मिळेल इतपत. हे आधीच्या, राज्य पातळीवर खेळलेल्या सरांना जमलं नव्हतं.

तक्रारी आहेतच. बॉल जेमतेम 2.7 ग्रॅमचा, वाऱ्याने वळतो म्हणून पंखे बंद. मे महिन्यात त्या हॉलमध्ये अक्षरशः भाजून निघतो आपण. जिल्हा स्पर्धा जवळ आली की मुलांना तीन टेबलं आणि आम्ही सगळे मोठे एका टेबलावर. फी तेवढीच! त्यांच्याकडच्या बॅटी तर हातात घेऊ नका, रबर पार गुळगुळीत झालंय, स्पिन लागतच नाही. मात्र स्वतःची बॅट कुठली घ्यावी विचारलं तर सर महागडं काही गळ्यात मारत नाहीत, दुकानही त्यांचं नाही.

सिंगल्सची तयारी करून मुलाला झटपट स्पर्धेत उतरवायचं असेल तर दुसरीकडे चौकशी करा, इथे सहा महिने पायच हलवायला लावतात. मोठ्यांची बॅच संध्याकाळी साडेसातला असते, जोडीने गेलात तर उत्तम. पार्किंग नाही, रिक्षाने जा. आणि बूट न घासणाऱ्या तळव्याचेच हवेत, नाहीतर चिकटपट्टी उखडते आणि सर दारातूनच परत पाठवतात.